नूम लोकांना दुखत नसे

वरची खोली दाखवायच्या आधी हुक्केरीकर अण्णांनी मला एकच प्रश्न विचारला. नोकरी कुठे, लग्न का नाही झालं, अंडं तरी खाता का, हे बसवनगुडीतल्या घरमालकांचे प्रश्न मी त्या आठवड्यात सहा-सात घरी ऐकले होते आणि उत्तरं पाठ करून गेले होते. अण्णांनी त्यातलं काही विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "तुमच्या पुण्याकडं पाहुणा शिंकला तर घरातली माणसं काय करतात?"

"काही नाही. लक्षच देत नाहीत," मी म्हटलं. पुण्यात पाहुण्याकडेच फारसं कुणी लक्ष देत नाही, शिंकेचं काय घेऊन बसलात, हे मनातच ठेवलं. खोली हवी होती.

अण्णांनी शर्टाच्या खिशातून पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद काढला आणि त्यावर माझं उत्तर लिहून घेतलं. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "अहो, आधी तिला पाणी तरी द्या की! तुमच्या माणसांचं मागनं बघा."

ती अण्णांची बायको, कमलाअक्का. आणि 'तुमची माणसं' म्हणजे नूम लोक. ते कोण, हे उलगडायला मला महिना लागला. अण्णा एका सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. कारखान्यात वाफेचा दाब मोजायची यंत्रं बनत, आणि तीस वर्षं अण्णांनी ती पास किंवा रिजेक्ट केली होती. उरलेल्या वेळात त्यांनी एक परग्रह वसवला होता. ग्रहाचं नाव नूम, तिथल्या लोकांचंही नूम, भाषा नूमी. त्यांचे सण, त्यांची भांडणं, लग्नं, न्हाणी, शिव्या, सगळं जाड बांधणीच्या वह्यांत मराठीत लिहिलेलं होतं आणि त्या वह्या देवघराच्या खालच्या कपाटात होत्या. कधीतरी या सगळ्याची कादंबरी करायची असं ते म्हणत. पण जिथल्या माणसांना आपण नीट ओळखत नाही त्यांच्यावर गोष्ट लिहिणं हा आगाऊपणा झाला, असंही म्हणत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कंपनीच्या बसने इलेक्ट्रॉनिक सिटीत जाऊन दिवसभर कॉम्प्युटरच्या, म्हणजे कुठल्याच माणसाने तोंडाने न बोलायच्या भाषेत लिहीत होते. तेव्हा अण्णांना हसायचा हक्क मला तरी नव्हता. तरी हसले. "हिरवे असतात का हो ते?" असं एकदा विचारलंही.

अण्णांचा चेहरा पडला. "हिरवे कशाला? बेडूक आहेत काय?"

नूम आपल्या कमरेइतके उंच. अंगाने चपटे. त्यांना फुप्फुसं चार, म्हणून त्यांना श्वास सोडताना बोलता येई तसं घेतानाही येई. झालेल्या गोष्टी श्वास सोडत सांगायच्या आणि व्हायच्या गोष्टी श्वास आत ओढत. हे दुसरं काम माणसाला फार जड जातं. अण्णा त्याचा सराव रोज करत, आणि जागा मिळेल तिथे करत. एकदा मॅजेस्टिकच्या बसमध्ये उभ्याउभ्या त्यांनी नूमांचा उद्याचा सगळा बेत म्हणून दाखवायला घेतला. शेजारच्या बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला दमा लागला. त्या घाबरून उठल्या, कंडक्टर धावत आला, "अज्जा, कूतकोळ्री, कूतकोळ्री" म्हणत त्याने अण्णांना खिडकीजवळ बसवलं. अण्णा घरी आले ते खुशीत. "शुभा, आज चार स्टॉप नूमी बोललो आणि वर बसायला जागा मिळाली!"

अक्का म्हणाल्या, "उद्या पडून दाखवा. ड्रायव्हर घरापर्यंत सोडील."

अण्णांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मोडलेला मी एकदाच पाहिला. 'आधी रीत, मग शब्द.' दार हा शब्द हवा असेल तर नूम लोक दारापाशी आल्यावर काय करतात हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरलं की शब्द सुचायचा, तो निळ्या शाईने कार्डावर लिहायचा आणि ते कार्ड बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायचं. डब्यात ते सहा महिने राही. तेवढ्या काळात तो शब्द न बघता, न अडखळता तोंडात आला तर पास. मग हिरव्या शाईने वहीत. नाहीतर रिजेक्ट. मी होते तेव्हा पावशीला काय म्हणायचं यावर तीन शब्द रिजेक्ट झाले. नूम लोक दीड वर्ष भाजी हाताने तोडत होते.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा विचारलं. अण्णा सीमाभागातल्या हुक्केरीच्या शाळेतलं सांगू लागले. घरी मराठी, शाळेत कन्नड. शाळेच्या पाटीवर एक वर्ष ही भाषा, एक वर्ष ती. जी असेल तिच्यावर कुणीतरी डांबर फासून जायचं. "आणि जो तो विचारायचा, तू आमचा का त्यांचा? मराठी मास्तर विचारायचे, कन्नड मेष्ट्रू विचारायचे. नऊ वर्षांचं पोर मी. मला वाटायचं, असं एक तरी गाव असावं, जिथं हे कुणी विचारणार नाही."

म्हणून नूममध्ये सीमा नव्हती. आणि आणखी एक गोष्ट नव्हती, ती मला बऱ्याच दिवसांनी लक्षात आली. दुखणं. नूम जन्मत, म्हातारे होत, मरत. पण त्यांना कुठे दुखत नसे.

"तेवढं मुद्दाम ठेवलं नाही," अण्णा म्हणाले. "एवढी सगळी दुनिया आपण उभी करायची आणि दुखणं पण आपणच नेऊन ठेवायचं? ते इथं फुकट मिळतंय की."

अक्कांनी नूमी शिकायला साफ नकार दिला होता. "दोन भाषा बोलून बोलून जबडा गेला माझा, तिसरी कशाला?" त्या अथणीकडच्या. जाड, गोऱ्या, गुडघ्यांनी अधू, आणि कुणाच्याही बोलण्यातली मेख तिसऱ्या वाक्याला पकडणाऱ्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती दोघंही बोलत नसत, म्हणून मीही विचारलं नाही. नूमांना त्या सवत मानत, पण सवतीच्या संसारावर त्यांचं बारीक लक्ष असे. अण्णा एकदा मला नूमांच्या लग्नाचं रसभरित वर्णन करत होते. तीन दिवसांची पंगत, सगळं गाव जेवतंय. अक्का शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि भांडी कोण घासतं?"

अण्णा दोन दिवस वही उघडून बसले. तिसऱ्या दिवशी नूमांत अशी रीत आली की नवरानवरीने लग्नाचं पहिलं वर्ष आपल्या पंगतीतली भांडी घासण्यात घालवायचं. "आमच्या कमलाला आमच्या कारखान्यात घ्यायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "एक यंत्र बाहेर पडलं नसतं."

त्या गणपतीत आमच्या भागातल्या मराठी मंडळींनी अण्णांना भाषणाला बोलावलं. सेक्रेटरींनी ओळख करून दिली ती 'एक गमतीशीर कार्यक्रम' अशी. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले आणि नूमांतला म्हातारा माणूस नव्या शेजाऱ्याचं स्वागत कसं करतो ते म्हणू लागले. श्वास आत ओढत, डोळे मिटून. आधी पोरं हसली. मग मोठी माणसं. एका बाईने पाण्याचा पेला पुढे केला. मागून माझ्यासारखाच नवा आलेला एकजण ओरडला, "अण्णा, आता स्कूटर स्टार्ट करून दाखवा!" सभागृहात हशा फुटला. मीही हसले. त्याची आजही मला लाज वाटते.

पहिल्या रांगेतून अक्का उठल्या. पदर खांद्यावरून घेतला, स्टेजकडे तोंड करून हात जोडले आणि तशाच, पाठ न फिरवता, तीन पावलं मागे गेल्या. मानाच्या माणसाच्या घरून निघताना नूम असे निघतात. गुडघ्यांनी अधू बाई, मागे खुर्च्या, आधाराला काही नाही. तीन पावलं पूर्ण करून मगच त्या वळल्या आणि दाराबाहेर गेल्या. अण्णांनी भाषण तिथेच थांबवलं. घर आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "तुला कसं ठाऊक?"

"भिंतीला पण ठाऊक झालंय," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी अक्कांची पाठ दुखायला लागली. आधी तेल, मग शेक, मग पट्टा. शेवटी फोटो काढले तेव्हा कळलं की कॅन्सर मणक्यात उतरलाय. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. अण्णांनी घरी येऊन अक्कांना जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यांच्यापासून काही लपायचं नाही हे त्यांना माहीत होतं.

त्यानंतर आठ दिवसांनी अक्का म्हणाल्या, "सरी, बरं तर. आता शिकवा तुमची ती भाषा."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, जिथे नवऱ्याचं निम्मं आयुष्य गेलं ते गाव एकदा आतून बघावं असं त्यांना वाटलं असेल. दुपारी दोन ते चार अशी शिकवणी सुरू झाली. त्या दोन तासांत मराठी नाही, कन्नड नाही. शनिवार-रविवारी मी घरी असे तेव्हा खालून आवाज येत, एकदा श्वास सोडत, एकदा ओढत, मध्येच अक्कांचं हसू. अण्णांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ते एकटेच बोलत होते. आता कुणीतरी उत्तर देत होतं. शब्द त्यांच्या तोंडून इतके भरभर येऊ लागले की कधी कधी मला दाराशी गाठून सांगत, "आज ती मला नूमीत रागावली, शुभा! चूक एक नाही."

दीड महिन्यात अक्कांनी विचारलं ते मीही ऐकलं, कारण मी जेवणाचा डबा द्यायला खाली गेले होते. "दुखतंय, याला काय म्हणायचं?"

"तसं काही नाही तिथं," अण्णा म्हणाले.

"मग मी काय बोलू?"

त्या दिवसापासून अण्णा बेचैन झाले. मला गाठून विचारू लागले, "तुमच्याकडं दुखणाऱ्या माणसाला काय म्हणतात?" मी म्हटलं, "होईल बरं, असं म्हणतात." ते म्हणाले, "ते खोटं असतंय की." मी चिडले. म्हटलं, "अण्णा, कुठलाही एक शब्द द्या ना! त्या विचारतायत."

"कुठलाही कसा देऊ?" ते कळवळून म्हणाले. "नुसता शब्द नाही गं तो. दुखणं आणलं की पहिल्या वहीपासून आणावं लागंल. पोरं छपरावरनं उड्या मारतात तिथं, त्यांचे गुडघे फुटणार. बायका बाळंत होतात, त्या ओरडणार. इतकी वर्षं सुखात आहेत ती माणसं. मागं जाऊन एकेकाला दुखवत बसू काय?"

तरी त्यांनी एक कार्ड लिहिलं, निळ्या शाईने, रीत न ठरवता, आणि डब्यात टाकलं. सहा महिन्यांसाठी. डॉक्टरांनी अक्कांना दिलेले महिने त्याहून कमी होते. हे गणित अण्णांना येत नव्हतं असं नाही. पण मग त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि त्यांना वाटलं, शब्दाची गरजच नाही. अक्का सकाळी कण्हत, संध्याकाळी कण्हत. दुपारच्या दोन तासांत मात्र दुखण्याचं अवाक्षर काढत नसत. अण्णांनी डॉक्टरांना सांगितलं, "दुपारी तिला दुखत नाही." दुपारच्या गोळीने अक्कांना गुंगी येई. डॉक्टर म्हणाले, दुखत नसेल तर ती गोळी नको.

मला त्या सुमारास डोळे आले. इथे त्याला 'मद्रास आय' म्हणतात आणि ऑफिसात पाऊल टाकू देत नाहीत. त्यामुळे पहिल्यांदाच मी आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी घरी होते. चार वाजता शिकवणी संपली. अण्णा फुलं आणायला बाहेर पडले. फाटक वाजलं आणि खालून असा आवाज आला की मी जिन्यावरून अनवाणी धावले. अक्का पलंगाची कड धरून, उशीत तोंड खुपसून ओरडत होत्या. दोन तासांचं साठलेलं ओरडणं होतं ते. उशी लाळेने, घामाने भिजली होती.

"अक्का, हे रोज?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. शनिवार-रविवारी मी वर असते, तेव्हा उशीत दाबून धरत असणार. दम खाऊन म्हणाल्या, "मराठीत आई गं म्हणते. कन्नडात अय्यो म्हणते. ह्यांच्यात काही नाही, तर गप बसते."

"मग सांगा ना त्यांना!"

"बेड," त्या म्हणाल्या. नको. "ते दोन तास त्यांचे आहेत. इतक्या वर्षांत कुणी गेलं नाही तिकडं त्यांच्याबरोबर. सांगितलंस तर माझी शपथ आहे तुला."

मी आठ दिवस ती शपथ पाळली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण त्या आठ दुपारींइतका मोठा नाही. नवव्या दिवशी, शनिवारी, मी अण्णांना अंगणात गाठलं आणि सांगून टाकलं.

ते कुंडीतली माती उकरत होते. हात तसाच राहिला. म्हणाले, "मला वाटलं, तिथं गेल्यावर तिला दुखत नाही." मग खाली बसले. माझ्यावर रागावले नाहीत, तिच्यावर नाहीत. मातीचे हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बसले. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी व्हरांड्यात अवरेकाईच्या शेंगा सोलत बसले होते. खिडकी उघडी होती. दोन वाजता अण्णा अक्कांच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसले. आज ते मराठीत बोलत होते.

"आधी रीत ऐक," ते म्हणाले. "ज्याला दुखतंय त्यानं तो शब्द म्हणायचा. घरातल्यांनी हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ बसायचं. उत्तर द्यायचं नाही. बरं वाटंल म्हणायचं नाही. बसायचं तेवढं."

"आणि शब्द?"

त्यांनी शब्द सांगितला. अर्धा श्वास घेताना, अर्धा सोडताना. म्हणजे श्वास चालू आहे तोवर म्हणता येईल असा. डब्यातलं ते निळं कार्ड त्यांनी फाडून टाकलं होतं. हा नवा शब्द सकाळीच थेट हिरव्या शाईने वहीत गेला होता.

अक्कांनी एकदा म्हणून पाहिला. "कितीदा म्हणायचा?"

"पाहिजे तितक्यांदा."

त्यांनी सुरुवात केली. पहिल्यांदा हळू, पाठ म्हटल्यासारखा. मग आवाज बदलला. चार वाजेपर्यंत त्या घरात तो एकच शब्द होता, आत जाताना आणि बाहेर येताना, कधी कुजबुजता, कधी किंचाळी होऊन. माझ्या परातीत दाणे तसेच राहिले. अण्णा हलले नाहीत. त्यांनी खिशातलं कार्ड काढलं नाही, अक्कांचा हात धरला नाही, एक शब्द बोलले नाहीत. चार वाजता अक्का दमून थांबल्या आणि साध्या मराठीत म्हणाल्या, "चांगला केलाय. पास."

सोमवारी सकाळी अण्णा डॉक्टरांकडे गेले आणि दुपारची गोळी पुन्हा सुरू झाली. शिकवणी त्यानंतरही चालली, पण अर्धा तास, गुंगीत. पाच आठवड्यांनी अक्का गेल्या. सकाळी, कॉफीच्या वेळेला. तेव्हा त्या कुठल्याच भाषेत काही बोलल्या नाहीत.

वर्षभराने माझं लग्न ठरलं आणि मी इंदिरानगरला राहायला जायचं ठरलं. सामान टेम्पोत चढल्यावर मी निरोप घ्यायला खाली गेले. जेवणाच्या टेबलावर सगळ्या वह्या उघड्या पडल्या होत्या. पहिल्या वहीपासून. पानापानांवर समासात हिरवी शाई. अण्णांनी दाढी केलेली नव्हती, सदऱ्याची बाही शाईने बरबटली होती.

"काय करूलालात अण्णा?" एवढ्या वर्षांत मीही त्यांच्यासारखी बोलू लागले होते.

"दुरुस्ती. स्वल्प थांब, हे एक पोर पडायचं राहिलंय."

मी वाकून वाचलं. छपरावरून वाळूत उडी मारून खदखदा हसणारं नूमांचं पोर होतं. अण्णांनी हसण्यावर काट मारली आणि वर त्याचा गुडघा फोडला. मग त्याच्या तोंडी तो शब्द घातला, आणि त्याच्या आईला हातातलं काम टाकायला लावून त्याच्याजवळ बसवलं. मागच्या पानावर एक बाई बाळंत झाली होती, तिच्याही तोंडी तोच शब्द होता. त्याच्या मागच्या पानावर एका म्हाताऱ्याचे दात. अजून चौथीच वही चालली होती, आणि टेबलावर वह्यांची चळत त्यांच्या हनुवटीपर्यंत होती.

मला ते बघवेना. म्हटलं, "कशाला हो अण्णा? आता अक्का नाहीत. राहू द्या की त्यांना सुखात."

अण्णांनी चष्मा काढला, बाहीने पुसला, शाई काचेला लागली. तसाच परत डोळ्यांवर चढवला.

"असं कसं गं," ते म्हणाले. "तिथं सगळ्यांत पहिल्यांदा दुखलं ते आमच्या कमलाला. दुसऱ्या कुणाला ठाऊकच नाही ते काय असतंय. एकटीच राहील की ती."

आणि त्यांनी पान उलटलं, बोटाने ओळ शोधली आणि पुढच्या घरात गेले.